जांभळी म्हैस

“ही म्हैस कुणाची?”

हिंदूरावनं चित्राच्या इतकं जवळ नाक नेलं होतं की आता ह्याच्या नाकाला रंग लागणार, या आशेवर मी गप्प उभा होतो.

“कुठली?”

“ही काय. कोपऱ्यावरची. जांभळी.”

“मास्तरांना विचार की.”

“इचारलं. म्हणले, बघ आणि तूच सांग.” त्यानं डोकं मागं घेतलं. नाक स्वच्छ. माझी निराशा झाली. “बंडा, चित्र रोज तुझ्या दुकानात असतंय. तुला म्हाईत असणार. ही माझी गंगी हाय का त्याची हरणी हाय?”

‘त्याची’ म्हणजे यशवंतची. यशवंत हा हिंदूरावचा सख्खा धाकटा भाऊ. तो त्या वेळी माझ्या दुकानाबाहेर, हाताच्या अंतरावर, हरणीच्या कासेला बसला होता. धार केव्हाच थांबली होती. कान आमच्याकडं होते.

“जवळून कळत न्हाई,” मी म्हटलं. “पण शिंगं वळखीची वाटतात बघ.”

पंचवीसेक वर्षं झाली याला. कोल्हापुरात आमच्या पेठेत दूध कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला येतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. पिऊन झालं की ओठावरची पांढरी मिशी पुसायची आणि घरी जायचं. त्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर माझं फ्रेमचं दुकान. देव, आजोबा आणि पैलवान, एवढ्यांच्या जिवावर माझा संसार चालायचा.

दुकानालगतची, बोळाच्या तोंडाची जागा कट्ट्यावरची सगळ्यात भारी. चारी बाजूंनी येणारं माणूस आधी तिथं धडकतं. ती जागा अण्णा मिठारींची. अण्णा गेले आणि दोन्ही पोरांच्यात वाटणी झाली. घराची भिंत मधे घातली, गोठ्याची घातली, म्हशी वाटल्या. गंगी थोरल्याकडं आली, तिची लेक हरणी धाकट्याकडं गेली. जागेची वाटणी काय करता येईना. मग दोघं तिथंच, एकमेकांकडं पाठ करून उभे राहायला लागले. बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. माझ्याशी चालू.

“बंडा, त्याला सांग, म्हैस जरा पलीकडं घे.”

“यशा, म्हैस पलीकडं घे म्हणतोय.”

“त्याला सांग, पलीकडं गटार हाय.”

“हिंदूदा, गटार हाय म्हणतोय.”

“गटार हाय ते मला म्हाईत हाय म्हणावं.”

असं रोज. दोघांच्या मधे बोळाच्या तोंडाला एक उंच दगड आहे. मी त्याच्यावर उभा असायचो, दोन्ही हात डोक्यामागं बांधून. कोपर बाहेर, पोट पुढं, डोळे अर्धे मिटलेले. उभं राहायची ही माझी कायमची तऱ्हा. बायको म्हणायची, गिऱ्हाईकाला वाटतंय पोलिसानं पकडलंय तुम्हाला.

आता निरोप पोचवायचा म्हणजे नुसता उचलून पलीकडं ठेवण्यात काय मजा. मी थोडी फोडणी द्यायचो. हिंदूराव म्हणायचा, “त्याला सांग, पेले नीट धू.” मी यशवंतच्या कानाशी वाकून सांगायचो, “अण्णांच्या वेळी पेल्यात तोंड दिसायचं म्हणतोय. आता पेलाच दिसत न्हाई.” मग यशवंत जे म्हणायचा त्यात आणखी जिरं-मोहरी. संध्याकाळ कशी जायची कळायचं नाही. दुसरे लोक सिनेमाला जातात. मला दुकान सोडायची गरज पडली नाही.

आणि मग महापालिकेनं रस्त्याच्या कडंनं लोखंडी कठडा घातला. गाड्यांची वर्दळ वाढलेली, त्यांचंही बरोबरच होतं. पण कठड्यानं आमचा कोपरा असा आवळला की तिथं एकच म्हैस मावेल. दोन उभ्या केल्या तर तिसऱ्या माणसाला पेला तोंडाला लावता येईना.

कट्ट्याचा शब्द म्हणजे नेजदार वस्ताद. तालमीचे वस्ताद. कान फुटलेले, मान नाहीच, छातीतूनच डोकं आलेलं. ते आले, कठडा हलवून बघितला, हलला नाही याचं त्यांना वाईट वाटलं. मग दोघा भावांकडं बघून म्हणाले, “दिवाळीच्या पाडव्यापातुर दोघं बोला आणि कोण उभा राहणार ते ठरवा. बोलला न्हाई, तर जागा तिसऱ्याला जाईल. भांडण कट्ट्यावर नको.”

वस्ताद गेले. दोघं पाठीला पाठ लावून उभे.

“त्याला सांग,” हिंदूराव म्हणाला, “मी काय बोलायला जाणार न्हाई.”

“त्याला सांग,” यशवंत म्हणाला, “बोलवलंय कुणी.”

जागा दोघांच्याही हातची जाणार होती. हे दोघांनाही कळत होतं. एकदा हिंदूराव घरी गेल्यावर यशवंत धार काढता काढता मला म्हणाला, “अण्णांनी मला इथंच शिकवलं लेका. ह्या दगडाला पाठ लावून बसायचे आणि म्हणायचे, अंगठा आत घालू नको, म्हशीला दुखतंय.” हा निरोप मात्र मी पलीकडं पोचवला नाही. त्यात फोडणी घालायला जागाच नव्हती.

त्याच दिवसांत हुदलीकर मास्तर आले.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाले आणि रंगांची पेटी, चित्र टेकवायचा लाकडी घोडा, कॅनव्हास घेऊन रस्त्यावरच बसायला लागले. रस्त्यापलीकडं, भांड्याच्या दुकानाच्या फळीसमोर त्यांनी घोडा मांडला. रोज ऊन कलायला लागलं की यायचे. बोळातून मावळतीचं ऊन सरळ आमच्या कोपऱ्यावर पडतं, ते त्यांना पाहिजे होतं. ऊन गेलं की ब्रश पुसायचा आणि उठायचं, मग चित्र अर्ध्यात असो की पाव. तेलरंग वाळायला वेळ लागतो, रोज घरी नेताना कुणाच्या तरी सदऱ्याला रस्ता लागायचा, म्हणून चित्र माझ्या दुकानात ठेवायला लागले. सगळ्या दुकानात जवसाच्या तेलाचा वास. गंगी तर येता-जाता दारात मान घालून फुरफुरायची.

चित्राबद्दल कट्ट्याचं मत चांगलं नव्हतं. आमच्या गावाला चित्र म्हणजे काय ते माहीत आहे. फेट्याची घडी मोजता आली पाहिजे, मिशीचा केस अन् केस दिसला पाहिजे. मास्तर नुसते ठिपके आणि फटकारे मारत होते. सायकलवाला म्हणजे दोन फटकारे. भाजीवाली म्हणजे एक हिरवा, एक तांबडा. वर वस्तादांच्या तालमीचा कळस म्हणजे नुसता पिवळा धब्बा.

“मास्तर, पुसायचं राहिलंय तिथं,” कुणीतरी म्हणायचं.

“राहू दे,” मास्तर म्हणायचे.

एकदा यशवंतनं पेटीत डोकावून बघितलं.

“मास्तर, काळा कुटं हाय?”

“काळा नाही माझ्याकडं.”

“संपला?”

“आणतच नाही.”

यशवंतनं रस्त्याकडं बघितलं. वीसेक म्हशी उभ्या होत्या. “काळा रंग न्हाई,” तो म्हणाला, “आणि तुम्ही म्हशी काढायला बसलाय?”

सगळा कट्टा हसला. मास्तरही हसले. “या वेळेला इथं काळं काहीच नसतं यशवंतराव. हरणीच्या पाठीकडं बघा. काय दिसतंय?”

यशवंतनं बघितलं. “पाठ दिसतीय.”

“पाठीवर?”

“शेण.”

मास्तरांनी ब्रश परत रंगात बुडवला.

तर असा तो चित्रातला कोपरा. अण्णांच्या जागेवर एक लांबट जांभळा फटकारा, आणि त्याला दोन्ही बाजूंना दोन टोकं. ती टोकं मीच कट्ट्याला पहिल्यांदा दाखवली. “शिंगं,” मी म्हटलं. मी म्हटल्यावर सगळ्यांना दिसली.

आणि मग मला ते सुचलं. चांगल्या कल्पना मला नेहमी बिडी पेटवताना सुचतात. काडी विझली तरी मी तसाच उभा.

संध्याकाळी तालमीत गेलो. वस्ताद लाल मातीत ताक शिंपडत होते.

“वस्ताद, ती दोघं काय बोलणार न्हाईत.”

“दिसतंय मला.”

“मग मी काय म्हणतो, मास्तर रोज समोर बसून बघतायत. त्यांचं कुणाशी वाकडं न्हाई, कुणाचं दूध घेत न्हाईत. त्या जागेवर त्यांना ज्याची म्हैस दिसली ती त्यांनी काढली. चित्र हाच पंच समजा.”

वस्तादांनी विचार केला. त्यांच्या तरुणपणीचं एक मोठं रंगीत चित्र तालमीत होतं, फ्रेम माझीच. चित्रातल्या माणसानं कधी कुणाला फसवलं नाही असा त्यांचा अनुभव होता.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “चित्रात ज्याची म्हैस, त्याची जागा. पाडव्याला बघू. माझा शब्द.”

बातमी मी स्वतः कुणाला सांगितली नाही. चहाच्या गाडीवर फक्त मोठ्यानं स्वतःशी बोललो.

दुसऱ्या दिवशी गंगीच्या शिंगांना तेल. तिसऱ्या दिवशी हरणीच्या गळ्यात कवड्यांची माळ. मग गंगीला गोंडे. मग हरणीच्या कपाळाला मोरपीस. गंगीचं डावं शिंग लहानपणी मार लागून वाकडं झालेलं, हरणीच्या कपाळावर पांढरा चांद. एवढाच काय तो मायलेकींत फरक. हिंदूराव शिंग मास्तरांकडं करून म्हैस उभी करायचा, यशवंत कपाळ. म्हशींचे हाल. मास्तर मान न हलवता ब्रश चालवत होते.

“बंडा, मास्तरांना सांग, चांद राहिला.”

“बंडा, मास्तरांना सांग, डावं शिंग जरा बघून घ्या.”

मास्तरांना सांगून काय होणार. ते चहाला गेले की मी जायचो. त्यांच्या रंगाच्या पाटीवर पांढरा रंग ओला असायचा. बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि जांभळ्या म्हशीच्या कपाळावर, जिथं कपाळ असावं असं मला वाटत होतं तिथं, हळूच टेकवायचा. यशवंत येऊन बघायचा आणि छाती फुगवून जायचा. दुसऱ्या दिवशी मी डावं टोक काडीनं जरा खाली ओढायचो. हिंदूराव खूश. दोघांनाही वाटत होतं आपण जिंकलो. मला आयुष्यात एवढं सुख नंतर पोरांच्या लग्नातही झालं नाही.

एकदा मास्तर चहाहून जरा लवकर परतले. चित्रासमोर उभे राहिले. मी लांब, डोक्यामागं हात बांधून, आभाळ बघत.

“बंडोपंत.”

“जी.”

“बोटाला काय लागलंय?”

“फ्रेमचं पॉलिश.”

“पांढरं?”

“नवीन आलंय.”

“टर्पेंटाईननं निघतं,” मास्तर म्हणाले, आणि खाली बसून कामाला लागले. मी लावलेला ठिपका त्यांनी पुसला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही आता.

पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा सण. सकाळपासून म्हशी धुतल्या, घासल्या, शिंगं रंगवली. संध्याकाळी कट्टा म्हणजे लग्नमंडप. मी चित्राला माझ्या खर्चानं फ्रेम बसवून दिली होती, आणि याचं पेठेला नवल वाटायला पाहिजे होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. फ्रेमच्या मागच्या बाजूला मी एक गोष्ट केली होती. जवसाची पेंड गुळाच्या पाण्यात भिजवून चारी बाजूंनी चांगली चोपडली होती.

माझा हिशेब सरळ होता. निकाल लागायला नको. निकाल लागला की एक भाऊ जाणार आणि माझी करमणूक बंद. म्हशींनाच चित्र दाखवू, दोघीही पेंडीच्या वासानं पुढं येतील, वस्ताद गोंधळतील आणि निकाल पुढच्या पाडव्यावर. तोवर जिरं-मोहरी आहेच.

वस्ताद फेटा बांधून खुर्चीवर बसले. स्टुलावर चित्र. एका अंगाला हिंदूराव आणि गंगी, दुसऱ्या अंगाला यशवंत आणि हरणी. मधे मी. मास्तर त्यांच्या फळीवर, रस्त्यापलीकडं, सणाचा म्हणून कुणीतरी दिलेला दुधाचा पेला हातात घेऊन.

वस्ताद उठून चित्राजवळ गेले. बराच वेळ बघितलं.

“सांडलंय काय हे?”

“लांबून बघायचं असतं वस्ताद.”

ते रस्ता ओलांडून मास्तरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “आयला,” ते हळूच म्हणाले. “आपली पेठ. त्यो तालमीचा कळस. ऊन लागलंय बघा त्याला.” मग भानावर आले. “म्हैस हाय. कुणाची हाय?”

“त्यांना सांग, चांद बघा म्हणावं,” यशवंत म्हणाला.

“त्यांना सांग, डावं शिंग बघा,” हिंदूराव म्हणाला.

“वस्ताद, चांद बघा म्हणतोय. आणि हा म्हणतोय डावं शिंग बघा.”

वस्तादांनी बघितलं. “चांद हाय. शिंग वाकडं हाय. चांद लेकीचा आणि शिंग आईचं?” त्यांनी संशयानं माझ्याकडं बघितलं. वस्तादांनी संशयानं बघितलं की माणसाला आपली हाडं आठवतात.

“माणूस खोटं बोलंल,” मी घाईनं म्हटलं. “म्हैस कशाला बोलंल. तिचं रूप तिला कळतंय. दाखवा म्हशीला.”

कट्ट्याला हे पटलं. सणाचा दिवस, लोकांना काहीही पटत होतं. “सोडा,” वस्ताद म्हणाले.

कासरे ढिले केल्याबरोबर गंगीनं एक पाऊल टाकलं. हरणीनंही टाकलं. गंगीनं नाक फ्रेमला लावलं, लोक ‘गंगी, गंगी’ म्हणेपर्यंत हरणीनं दुसऱ्या बाजूनं लावलं. इथवर सगळं माझ्या मनासारखं. पण पेंड फ्रेमच्या मागं होती आणि म्हशी पुढं. गंगीनं पेंडीपर्यंत पोचायला जी जीभ काढली, ती आधी पुढून फिरली. भाजीवालीवरून, सायकलवरून, सरळ जांभळ्या फटकाऱ्यापर्यंत. हरणीला आई काहीतरी एकटीच खातेय असं वाटलं आणि तिनं डोकं घुसवलं. स्टूल कलंडलं. गंगीचं लांब शिंग कॅनव्हासवर आलं.

“यशा, चित्र धर.”

“धरलंय दादा, तू गंगीला वढ.”

“तुझी हरणी माझ्या पायावर हाय.”

“पाय कशाला घातलास मधी?”

“तुझ्यावर येत हुती म्हणून.”

यशवंत चित्र छातीशी धरून खाली बसला होता. हिंदूराव दोन्ही हातांनी गंगीची शिंगं धरून तिच्या आणि यशवंतच्या मधे आडवा. आणि मी, इतक्या वर्षांची सवय, बोलून गेलो.

“यशा, तो म्हणतोय, तुझ्यावर येत होती म्हणून.”

यशवंतनं मान वर केली नाही.

“ऐकू आलं मला,” तो म्हणाला.

कट्ट्यावर कुणी असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

हिंदूरावनं गंगीला मागं सारलं आणि भावाला हात दिला. यशवंत उठला. त्याच्या सणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर सगळी पेठ उमटली होती, उलटी.

वस्ताद खाकरले. “मास्तर, तुम्हीच मिटवा. म्हैस कुणाची काढली?”

मास्तरांनी पेला फळीवर ठेवला, ओठावरचा फेस पुसला आणि वस्तादांबरोबर रस्ता ओलांडून आले.

“म्हैस नाहीच ती. सावली आहे.”

“कुणाची?”

“बंडोपंत,” मास्तर म्हणाले, “ऊन आहे अजून. जरा दगडावर उभे राहा. नेहमीसारखे.”

मी दगडावर चढलो. काही कळत नव्हतं, आणि कळत नसलं की मी जे करतो तेच केलं. हात डोक्यामागं बांधले.

बोळातून ऊन येत होतं. माझी सावली अण्णांच्या जागेवर पडली. लांबट, जांभळी. वर गोल डोकं आणि दोन्ही बाजूंना दोन कोपरं, शिंगांसारखी बाहेर आलेली.

आधी एक पोरगी हसली. मग सगळी पेठ हसली. वस्ताद हसताना मी पहिल्यांदा बघितलं, आवाज येत नव्हता, नुसतं अंग हलत होतं.

“रोज बघत होतो,” मास्तर म्हणाले. “हे दोघं मागं-पुढं व्हायचे, म्हशी हलायच्या. त्यांच्या मधला हा मात्र जागचा हलायचा नाही. मला जे दिसलं ते काढलं.”

“आणि चांद?” यशवंतनं विचारलं.

“चांद त्यानं स्वतःच लावला. स्वतःच्याच कपाळाला. शिंगही त्यानंच वाकवलं. मी चहाच्या गाडीवरून बघायचो. पांढरा रंग मुद्दाम जरा जास्त काढून ठेवायचो, कमी पडायला नको.”

आयुष्यभर मी पेठेला खेळवलं. म्हातारा चहा पीत मला खेळवत होता.

हिंदूराव फ्रेम उलटी करून बघत होता. त्यानं मागच्या बाजूला बोट लावलं, वास घेतला. “पेंड,” तो म्हणाला. “गूळ घालून.” मग त्यानं थेट यशवंतकडं बघितलं. “ह्यो माझं निरोप तुला कसं सांगायचा रं? पेले धू म्हटलेलं काय सांगितलं हुतं तुला?”

“अण्णांच्या वेळी पेल्यात तोंड दिसायचं म्हणून.”

“मी असलं कधीच म्हटलो न्हाई. आणि तू मला म्हशीबरोबर आरशात उभा राहा म्हटलास ते?”

“मी कवा म्हटलो असलं?”

“म्हटला न्हाईस?”

“न्हाई दादा.”

दोघं माझ्याकडं वळले. मी दगडावरून उतरायच्या विचारात होतो, पण वस्तादांनी हात वर केला.

“थांबा. माझा शब्द काय हुता? चित्रात ज्याची म्हैस, त्याची जागा.” त्यांचा चेहरा एकदम गंभीर. “म्हैस बंडाची निघाली. जागा बंडाची.”

वस्तादांचा शब्द फिरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णा मिठारींची जागा फ्रेमवाल्याची झाली, आणि फ्रेमवाल्याकडं साधं रेडकू नव्हतं. दोघा भावांच्या तोंडावरचं हसू गेलं. यशवंतनं नकळत दगडाला हात लावला.

“बंडा,” वस्ताद म्हणाले, “काय करणार जागेचं?”

मी दोघांकडं बघितलं. एवढा आयता माल आयुष्यात परत मिळणार नव्हता. एक संध्याकाळ तरी लांबवायला काय हरकत होती. पण यशवंतचा हात अजून दगडावर होता.

“देतो,” मी म्हटलं. “पण मागायला दोघांनी एकदम यायचं. मधी माणूस नको.”

“एकदम?” हिंदूरावनं यशवंतला विचारलं.

“एकदम,” यशवंत म्हणाला.

आणि दोघं एकदम आले. थोरल्यानं काखेत हात घातले, धाकट्यानं पाय उचलले, आणि मला म्हशींच्या हौदाकडं घेऊन निघाले. सगळी पेठ मागं. आभाळ बघत जाताना त्यांचं बोलणं माझ्या अंगावरून ये-जा करत होतं.

“सकाळ तू घे,” हिंदूराव म्हणाला.

“सकाळी गिऱ्हाईक जास्त असतंय. तू घे.”

“मला लवकर उठवत न्हाई आता.”

“अण्णांसारखं करतोस.”

“पाय नीट धर, निसटतोय.”

“धरलाय. मग संध्याकाळ तुझी?”

“माझी. हरणीचं दूध कमी पडलं तर गंगीचं घे माझं.”

“यशा, तो म्हणतोय गंगीचं दूध…” मी खालून म्हटलं.

“एक, दोन,” हिंदूराव म्हणाला.

तिसरं मला ऐकू आलं नाही. हौदाचं पाणी गार होतं.

चित्र माझ्याकडंच आहे. मास्तरांनी नेलं नाही. म्हणाले, फ्रेम तुझी, म्हैस तुझी. त्याच्यावर गंगीच्या जिभेचा एक लांब पट्टा आहे, भाजीवालीपासून निघून कोपऱ्यापर्यंत गेलेला, आणि यशवंतच्या सदऱ्याच्या एका गुंडीचा ठसा. बाहेरगावची शिकलेली माणसं येतात, बराच वेळ उभी राहतात, तो पट्टा बघून म्हणतात, काय हात होता मास्तरांचा. मी मान डोलावतो.

बाहेर सकाळी यशवंतचा पोरगा उभा असतो, संध्याकाळी हिंदूरावचा. त्यांना निरोप्या लागत नाही. एकमेकांना मोबाईलवर शिव्या देतात, थेट. मी दगडावर उभा असतो, हात डोक्यामागं. परवा एक नवीन गिऱ्हाईक आत आलं, चित्रावर बोट ठेवून म्हणालं, “काका, ही म्हैस कुणाची हो?”

“माझीच की,” मी म्हटलं. “शिंगांवरनं कळलं न्हाई?”